जुनी टूरिंग बाईक जरूर घ्या, पण खेळत्या भांडवलातून नको



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतोय. "सर, धंद्यासाठी फिरावं लागतं. सेकंड हॅन्डमध्ये डॉमिनार किंवा सीबीआर घेऊ का? लाख-सव्वा लाखात मिळतेय." विचारणाऱ्यांत मसाल्याचं डिस्ट्रिब्युशन करणारा आहे, सोलर पंपाचा सर्व्हे करणारा आहे, लग्नाचे फोटो काढणारा आहे आणि एक ताई आहेत, त्या चार जिल्ह्यांतल्या बचत गटांना पॅकिंग मशिन विकतात. व्हिडिओत मी यावर दोन मिनिटं बोललो होतो. विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महिन्यातले आठ-दहा दिवस हायवेवर जाणार असतील तर जुनी स्पोर्ट टूरिंग बाईक हे चांगलं साधन आहे. नवीपेक्षा जुनीच घ्या असंही मी म्हणेन. पण ती माल भरायच्या पैशातून घेऊ नका. आणि घेताना गाडीची किंमत बघून निर्णय घेऊ नका, पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च बघून घ्या.

स्पोर्ट टूरिंग म्हणजे काय, हे एका वाक्यात. रेसिंग बाईकसारखं टाकीवर झोपावं लागत नाही, शंभरी-सव्वाशेच्या गाडीसारखं ८० ला थरथरत नाही, मागे सामान बांधून दिवसाला तीन-चारशे किलोमीटर सहज काढता येतात अशी गाडी. आपल्याकडे २००३ मध्ये करिझ्मा आली तेव्हा ही चटक लागली. मग २०११ मध्ये सीबीआर २५०आर आली, २०१६ च्या डिसेंबरमध्ये आपल्या चाकणची डॉमिनार ४०० आली. आज जुन्या बाजारात याच पिढीच्या गाड्या फिरतायत.

आता हिशोब. समजा तुमच्याकडे दोन लाख रुपये आहेत. गाडी १,२०,००० ला ठरली. घेतल्यावर टायर, चेन किट, बॅटरी, ऑइल, ब्रेकचं काम धरून २५,००० लागले. नाव बदलणं आणि इन्शुरन्स मिळून सात हजार. म्हणजे १,५२,००० गेले, हातात उरले ४८,०००. तुम्ही मसाल्याच्या धंद्यात आहात, माल महिन्यातून एकदा फिरतो, त्यावर ८ टक्के सुटतात असं धरू. मग तेच १,५२,००० मालात असते तर महिन्याला बारा हजारांच्या आसपास मिळाले असते. गाडी दारात उभी असली तरी दर महिन्याला हे बारा हजार तुम्ही गमावताय, आणि हे कुठल्याच बिलात दिसत नाही. त्यात दिवाळीच्या आधी होलसेलवाला म्हणतो, रोख दिलेत तर दोन टक्के सूट. तुमच्याकडे रोख नाही. सूट शेजारच्या दुकानदाराला मिळते, तो तुमच्यापेक्षा स्वस्त विकतो, आणि तुमचं गिऱ्हाईक तिकडे जातं.

म्हणून मी म्हणतो, गाडीचे पैसे वेगळे साठवा. हप्त्यावर घ्यायची असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या नफ्यातून हप्ता निघतोय का ते वहीत बघा. पुढे धंदा वाढेल मग निघेल, हे चालणार नाही.

पेट्रोलचा फरकही एकदा मांडून बघा. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणं आहे. ४०० सीसीची गाडी लिटरला २८ देते असं धरू, सव्वाशेची ५५ देते. पेट्रोल १०५ रुपये. पहिलीला साधारण ५,६०० रुपये लागतात, दुसरीला २,९००. महिन्याला २,७०० चा फरक, वर्षाला तेहतीस हजारांच्या आसपास. हा फरक कोणाला परवडतो? जो एका फेरीत कोल्हापूर-पुणे करून त्याच दिवशी सहा डीलर करतो, त्याला. गल्लीतल्या वसुलीला जाणाऱ्याला नाही. त्याने सव्वाशेचीच घ्यावी, खुशाल घ्यावी, त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. रील बघून "समृद्धीने नागपूर करू" असं डोक्यात असेल तर काढून टाका. तुमचा रस्ता जुना हायवे, खंबाटकी, कसारा, नाहीतर कोकणात उतरायचं तर ६६ नंबर. तिथे १४० चा टॉप स्पीड काही कामाचा नाही. तिथे लागतात चांगले ब्रेक, चांगले टायर आणि रात्री दिसणारा दिवा.

आता कुठली घ्यायची? इथे माझं थोडं वेगळं मत आहे, काही जणांना आवडणार नाही. धंद्याला नवीन असाल तर ३५० सीसीच्या आत राहा. कारण सरळ आहे. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा २०२२ मध्ये ठरलेला दर बघा: १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४. एका रेषेने दुप्पट. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच्या वरच्या गाडीवर ४० टक्के लागू झाला. याचा जुन्या गाडीशी काय संबंध? खूप आहे. विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने मोजलेली २८ टक्क्यांची किंमत बसलेली असते. पण आज तीच गाडी शोरूममध्ये करापुरती जवळपास पावणेआठ टक्क्यांनी उतरलेली आहे. "दादा, नवीच एवढ्याला मिळते आता," असं म्हणून आजचं कोटेशन समोर ठेवा. भाव उतरतो. चारशेच्या गाडीला हा मुद्दा चालणार नाही, उलट समोरचा तोच मुद्दा तुमच्यावर फिरवेल.

डॉमिनार २५० ही २०२० ची गाडी मला या हिशोबात बसते. सीबीआर २५०आर स्वस्त दिसेल, गाडी मजबूतही आहे, पण ती २०२० नंतर शोरूममध्ये आलेली नाही. बंद झालेल्या मॉडेलचा विचार करत असाल तर गाडी बघायला जाण्याआधी स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा. तीनच गोष्टी विचारा: क्लच प्लेट, हेडलाइट, पुढच्या ब्रेकचा डिस्क. आहे का, कितीला, नसेल तर किती दिवसांत? "मागवावा लागेल, पंधरा दिवस" असं तिन्हींना उत्तर आलं तर तुमच्यासाठी ती गाडी महाग आहे. हौसेने चालवणारा पंधरा दिवस थांबतो. तुमच्या डीलरची ऑर्डर थांबत नाही.

गाडी बघायला जाताना

एजंटची वाक्यं तुम्हाला पाठ झाली असतील. "भाऊ, मक्खन गाडी आहे." "सिंगल हॅन्ड, डॉक्टरांची गाडी." महाराष्ट्रात डॉक्टरांनी जेवढ्या बाईक वापरल्या म्हणतात तेवढ्या वापरल्या असत्या तर दवाखाने कोणी चालवले असते? असो.

फोनवरच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम असेल तर समजा, थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतंय किंवा आवाज करतंय म्हणून आधीच चालू करून ठेवलंय. चहा प्या, तासभर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड गाडी सेल्फवर लगेच लागली पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि कूलंटची पातळी खाली असेल तर त्या गाडीला हात जोडा. कूलंटच्या टाकीत रंगीत कूलंट आहे की नळाचं गढूळ पाणी, तेही बघा. पाणी घालून चालवणाऱ्याने बाकी काय काय वाचवलं असेल याचा अंदाज येतो.

मग चावी फिरवा, गाडी चालू न करता. इंजिनचा पिवळा दिवा आणि एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलाय किंवा झाकलाय. इंजिनचा दिवा गाडी चालू झाल्यावर विझतो, एबीएसचा थोडं पुढे गेल्यावर. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणून शक्यतो त्यानंतरचीच बघा. घाटात पावसात उतरताना त्याची किंमत कळते.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून खूश होऊ नका, सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. त्यात आणखी एक गंमत दडलेली असते. मीटर १२,००० दाखवतंय, गाडी २०१९ ची आणि टायर २०२३ चे. टायर बारा हजाराच्या आत बदलायची वेळ का आली, हे विचारा. फूटरेस्टचं रबर, हॅन्डलची ग्रिप, डिस्कच्या कडेला बोटाला लागणारी धार, हे सगळं मीटरपेक्षा खरं बोलतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला प्रत्येक वेळी किलोमीटरची नोंद होते, मालकाला म्हणा तो रेकॉर्ड काढून द्या. खरा मालक अर्ध्या तासात देतो.

मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढून बघा. दात अर्धा उघडा पडत असेल किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील तर पूर्ण किट बदलायला आलंय, भावातून तेवढे कमी करा. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाची रेघ दिसली तर सील गेलेलं. पुढचं चाक उचलून हॅन्डल हळू फिरवा, मधोमध 'टक्' करून अडकत असेल तर कोनसेट गेलाय. हे सगळे दुरुस्तीचे खर्च आहेत, यावर भाव करता येतो. पण हॅन्डल पूर्ण वळवल्यावर जिथे चासीला टेकतं तिथला थांबा वाकलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला, किंवा हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर भाव करायच्या भानगडीत पडू नका. ती गाडी जोरात पडलेली आहे.

आणि क्रॅश गार्ड, फॉग लॅम्प, साइड बॉक्स यांचे वेगळे पैसे देऊ नका. "चाळीस हजाराच्या ॲक्सेसरीज आहेत" असं तो म्हणेल. जोडलेले जादा दिवे म्हणजे वायरिंग कुठेतरी कापलेलं असतं. बॉक्स तुम्हाला उपयोगी आहेत हे खरं, पण ते त्याने हौसेने लावलेत.

एवढं सगळं जमत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको.

कागद

इथे लोक कंटाळतात आणि इथेच अडकतात. गाडीचा नंबर सरकारी परिवहन ॲपवर टाका. मालक कितवा, इन्शुरन्स, पीयूसी, बँकेचा बोजा, सगळं दिसतं. ई-चलानं वेगळी तपासा. नंबरप्लेट एचएसआरपी आहे का बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. बाहेरच्या राज्यातली गाडी ऑनलाइन वीस हजारांनी स्वस्त दिसते, पण इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो धरून मग स्वस्त म्हणा.

"टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा, नावावर नंतर करू" हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. नाव बदलायला ३० दिवस आहेत, तेवढ्यात करून टाका. इन्शुरन्सची थर्ड पार्टी बाजू कायद्याने तुमच्याकडे येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची बाजू आपोआप येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. म्हणून "इन्शुरन्स चालू आहे, ५० टक्के बोनस आहे" या वाक्याचे पैसे देऊ नका.

गाडी धंद्याच्या वहीत दाखवायची असेल तर पैसे बँकेतून द्या. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. घसारा साधारण १५ टक्के मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा, आणि घरच्या वापराचा वाटा वजा होतो. तुम्ही टर्नओव्हरच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवणाऱ्या सोप्या योजनेत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही. म्हणजे "टॅक्स वाचेल म्हणून बाईक घेतो" हे आपल्यातल्या बहुतेकांना लागूच होत नाही. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

घेतल्यानंतर

पहिल्या आठवड्यात, गाडी कितीही छान चालत असली तरी, इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. आधीच्या मालकाने "परवाच बदललं" सांगितलं असेल तरी बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, जुनं झालं की लांब घाटात ब्रेक मऊ पडतो. ते दर दोन वर्षांनी बदलायचंच. तुमचा किलोमीटरचा हिशोब त्या दिवसापासून शून्यावरून सुरू करा.

मग एक वही करा, शंभर पानी चालेल. तारीख, किलोमीटर, काम, पैसे. आणि दर किलोमीटरला काही पैसे बाजूला टाका. मी असं धरतो: मागचं टायर सहा हजाराचं, १५,००० किलोमीटर चालतं, म्हणजे ४० पैसे. पुढचं १६ पैसे. चेन किट २३ पैसे. सर्व्हिस दर पाच हजारांना तीन हजार, म्हणजे ६० पैसे. ब्रेक पॅड, बॅटरी, किरकोळ मिळून २० पैसे. एक रुपया साठ पैसे झाले. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, तुमचे तुम्ही काढा. महिन्याला १,५०० किलोमीटरला २,४०० रुपये. हे पैसे वेगळ्या खात्यात, दर महिन्याच्या एक तारखेला. टायर गेलं की त्या खात्यातून. त्या दिवशी गल्ल्याला हात लागत नाही, आणि टायर "अजून एक महिना चालवू" असंही होत नाही. जुन्या गाडीचे अपघात या एका महिन्यात होतात असं माझं निरीक्षण आहे.

चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून ल्युब मारा, पावसात त्याहून लवकर. हे काम स्वतः करा, दहा मिनिटं लागतात. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या ई-२० पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत, त्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवा, चिरा दिसल्या की बदला, आणि टाकी महिनाभर अर्धी भरून गाडी उभी ठेवू नका.

काही जण म्हणतात, सर, रिकाम्या दिवशी भाड्याने देतो, हप्ता निघेल. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. १९९७ ची रेंट अ मोटरसायकल योजना आहे, तिचं लायसन्स लागतं, त्यासाठी किमान पाच गाड्या लागतात, आणि भाड्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळे आकडे असतात. गोव्यात तुम्ही बघितलेच असतील. खाजगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते. भाड्याचाच धंदा करायचा तर तो रीतसर पाच गाड्यांचा करा, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

विकायची कधी? मी तीन वर्षांचा बेत धरतो, किंवा इंजिनचं मोठं काम यायच्या आधी, जे पहिलं येईल ते. १,२०,००० ची गाडी ७५,००० ला गेली तर महिन्याला १,२५० रुपये झीज पडली. तुमची ती शंभर पानी वही आणि सर्व्हिसची बिलं समोरच्याला दाखवा, एजंटच्या दहा वाक्यांपेक्षा तिचं वजन जास्त आहे. पण त्याच्या नावावर आरसी झाल्याची खात्री ॲपवर स्वतः बघा. २०१८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. गाडी एकामागून एक तीन-चार जणांकडे गेली होती, आरटीओत नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं, आणि अपघाताची जबाबदारी त्या नोंदीतल्या मालकावर आली. फॉर्म २९ ची पोच, डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा कागद आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत त्याच वहीत चिकटवून ठेवा, आणि वही त्याला देण्याआधी या पानांचे फोटो काढून घ्या.